कोण नाही आलं

तिसरा इशारा बुधवारी दुपारी बारा चाळीसला वाजला आणि नियमाप्रमाणे तो खोटा ठरला. नियम मीच लिहिलेला. मी स्टाफरूममध्ये नववी ‘ब’च्या वह्या तपासत होते, ‘आणि’मधला ण कुणी न लिहिला की तिथे लाल गोल करत होते, तेवढ्यात आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या आनंदाचा फोन आला. “मॅडम, बाबांच्या घरातला भोंगा वाजला. मी वर जाऊन आलो. काय नाय. बाबा खुर्चीत बसलेत, बरे हायेत.” मग म्हणाला, “तिसरा झाला हो हा. लिहू का नको लिहू?” आनंदा चिरनेरचा, माझ्या माहेरच्या बोलीतला माणूस, आणि ती बोली ऐकली की मी नकळत जास्तच शुद्ध बोलायला लागते. “लिही,” मी म्हटलं. “नाय लिहिला तरी कोनाला कलनार नाय.” “लिही आनंदा, आणि वेळ नीट लिही.” फोन ठेवून मी पुढची वही ओढली. तीन-चार वह्या झाल्यावर लक्षात आलं की मी एकही चूक काढलेली नाही, आणि त्या वर्गात ते शक्यच नव्हतं.

आमच्या संकुलाचं नाव ‘मरीन क्रेस्ट’. पनवेलच्या खाडीकडच्या बाजूला तीन विंग उभ्या आहेत आणि समुद्र एकाही खिडकीतून दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी इथे प्रत्येक घरात पलंगाजवळ एक लाल बटण बसवलं. दाबलं की गेटच्या केबिनमध्ये दिवा लागतो आणि त्या विंगच्या गच्चीवरचा भोंगा बोंबलायला लागतो. पहिल्या महिन्यात तो दिवसाला पाच वेळा बोंबलला. कुणाची कामवाली भिंत पुसताना दाबायची, कुणाची मुलं खेळायची, कुणाला खाली आलेल्या पार्सलसाठी वॉचमन हवा असायचा. सुरुवातीला माणसं जिन्याने धावत यायची, नंतर दार उघडून बघायची, नंतर टीव्हीचा आवाज वाढवायला लागली. पोलीस ठाण्यातूनही विनंती आली की आधी खात्री करा आणि मगच फोन करा, आणि त्यांचं काही चूक नव्हतं. मग नियम हवा असं ठरलं, आणि सेक्रेटरी मी, त्यातून मराठीची शिक्षिका, म्हणून तो लिहायचं माझ्याकडे आलं. मला ते काम मनापासून आवडलं, हे कबूल करते. मोजून-मापून वाक्यं लिहिण्याचा मला शौक आहे. ‘इशारा म्हणजे सदनिकेतील बटणाद्वारे वाजवलेला विद्युत भोंगा.’ ‘जो इशारा मिळाल्यावर तेथे पोहोचले असता मदतीचे कोणतेही कारण आढळत नाही, तो खोटा इशारा समजावा.’ ‘एका वर्षात तीन खोटे इशारे नोंदले गेल्यास सदर सदनिकेचे बटण सहा महिने खंडित करण्यात येईल.’ माझे यजमान अविनाश वाचून म्हणाले होते, “छान आहे. फक्त कुणाच्या गळ्यात पडतो ते बघ.”

एका शब्दापाशी मात्र मी आठवडाभर अडले होते. फॉल्स अलार्मला मराठीत म्हणायचं काय? फसवा इशारा लिहिलं तर दाबणाऱ्यावर आळ येतो, निरर्थक लिहिलं तर ते कवितेवरच्या टीकेसारखं वाटतं. शेवटी एका संध्याकाळी मी बाबांना विचारलं. माझे वडील बुधाजी, वय चौऱ्याऐंशी, आमचं खाडीकाठचं गाव भरावाखाली गेल्यापासून माझ्याच संकुलात ए विंगच्या सहाशे चारमध्ये राहतात. आम्ही बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर. गावी उभ्या आयुष्यात त्यांनी खारबांधाची राखण केली. बांधाच्या एका अंगाला खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला आमची भातं. बांध फुटून भोक पडलं की त्याला खांड म्हणायचं, आणि खांड दिसली की हाक घालायची. तर मी विचारलं, “बाबा, खांड नसताना कुणी हाक घातली तर त्या हाकेला काय म्हणायचे गावात?” मी काहीतरी आचरट विचारलं असावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. “हाक म्हनायचं,” ते म्हणाले. मी म्हटलं, तसं नाही, खोटी निघाली तर? “हाक ती हाक. खोटी काय नि खरी काय? गेल्याबिगर कसं कलनार?” मला त्यातून शब्द मिळाला नाही. मी ‘खोटा’ लिहून मोकळी झाले.

आता त्याच शब्दाखाली त्यांचं नाव तीनदा आलं होतं, आणि पुढचं मला पाठ होतं. बाबांकडे येणारी मैनाबाई त्यांचं जेवण झालं की अकराला जाते. माझी शाळा दीडला सुटते, पोचेपर्यंत दोन. मधले तीन तास त्यांना आहे ते बटणच. जानेवारीत ते न्हाणीत पडले ते याच वेळात. पडले ते दाराशी, बटण पलंगाशी, आणि मी दोनला कुलूप उघडेपर्यंत ते ओल्या फरशीवर कुशीवर पडून होते. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं की शाळा लवकर सुटली काय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, खुबा यावेळी वाचला, पुन्हा पडले आणि असे तासभर पडून राहिले तर माझ्याकडे आणू नका. त्यानंतर मी बटणाची वायर वाढवून ते दोरीने त्यांच्या हाताशी राहील असं करून घेतलं होतं. ते गेलं तर ते तीन तास मला झेपणार नव्हते. नोकरीची सहा वर्षं उरलेली, पूर्ण दिवसाची बाई मिळत नाही, उरणचा भाऊ हरेश म्हणतो इकडे पाठव, आणि बाबा म्हणतात, “उरनला मला कोन वलखतो?”

संध्याकाळी मी केबिनमध्ये जाऊन नोंदवही उघडली. आनंदाचं अक्षर ठसठशीत. पहिला इशारा रविवारी बारा पस्तीस, दुसरा एका मंगळवारी बारा चाळीस, तिसरा आजचा. नेमकी हीच वेळ का? औषधाची म्हणावी तर ती मैनाबाई देऊन जाते. केबिनच्या भिंतीवर बँकेचं कॅलेंडर होतं. मी उगाचच, मुलांच्या वहीत चूक शोधते तशी, तारखांवर बोट ठेवत गेले. पौर्णिमेचा दुसरा दिवस. अमावास्येचा दुसरा दिवस. आज, अमावास्येचा दुसरा दिवस. इतकी वर्षं मी तिथी फक्त उपासासाठी बघत आले होते, आणि अंगात मात्र ते सगळं तसंच होतं: अवसेच्या-पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य डोक्यावरून जरा कलला की, खाडीला सगळ्यात मोठं पाणी. उधाण.

मी लिफ्टची वाट न बघता वर गेले. बाबा खुर्चीत होते. “तुम्ही उधाणाला दाबता,” मी म्हटलं. त्यांनी नाकारलं नाही. मला वाटलं होतं की आता ते म्हणतील बांधावर जायला हवं, आणि मला त्यांना समजवावं लागेल की बांध नाही, गाव नाही, तुम्ही सहाव्या मजल्यावर आहात. त्या सगळ्याची मी जिन्यातच तयारी केली होती. पण ते भानावर होते, माझ्याहून जास्त. “बांध नाय हे मला म्हाईत हाय गो,” ते म्हणाले. “पन हात जातो. पानी तर येतंच ना? भराव टाकला म्हनून चंद्राला कोनी जाऊन सांगितलं काय?” मी म्हटलं, तुम्ही असं केलंत तर बटण काढून नेतील, मग पडलात तर कोण येणार? ते म्हणाले, “आता तरी कोन येतो? आनंदा येतो. बिचारा पगाराचा हाय.” मला राग आला. ऐंशी पायऱ्या चढून आलेल्या मुलीला हे ऐकवायचं म्हणजे. मी त्यांचं रात्रीचं ताट झाकून ठेवलं आणि रागातच खाली आले, आणि बी विंगकडे जाताना मला तो दिवस आठवला जो मी चाळीस वर्षं आठवायचा टाळत होते.

मी चौथीत होते. त्या आठवड्यात बाबांनी दोनदा हाक घातली होती आणि दोन्ही वेळा खांड नव्हती. खेकड्यांनी बिळं पाडली की पाणी बुडबुडतं, लांबून खांडीसारखंच दिसतं. दोन्ही वेळा सगळा गाव डोक्यावर चिखलाच्या पाट्या घेऊन धावला होता. खांड नाही म्हणून कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे रीत अशी की भरून आणलेली पाटी परत न्यायची नाही. जिथे हाक आली तिथे बांधावर उलटायची, पाणी प्यायचं आणि घरी जायचं. त्यामुळे बाबा जिथे उगाच ओरडले तिथे बांध उंच आणि जाड होत गेला होता. त्या दिवशी दुपारी तिसरी हाक आली तेव्हा जगनकाका, बाबांचा धाकटा भाऊ, आमच्या ओटीवर जेवायला बसत होता. तो उठायला लागला. माझी आई वेणू, जिच्याइतकी कामसू बाई मी पाहिली नाही, त्याच्या ताटात भात वाढत म्हणाली, “बस तू. रोजचंच हाय त्यांचं.” काका बसला. मला आठवतं, तो पटापट जेवला, पण जेवला. ती खांड खरी होती, आणि दोन पाट्यांत बुजण्याइतकी लहान होती तेव्हा नेमकी काका आणि आई ही दोन माणसं कमी पडली. आमचं, शेजाऱ्यांचं, सगळ्यांचं पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात गेलं आणि दोन वर्षं त्या जमिनीत काही उगवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव गावदेवीपुढे बसला. मला वाटलं, आता बाबांना विचारतील, आधी दोनदा उगाच का ओरडलास? ते कुणी विचारलंच नाही. तिथे एकच प्रश्न असायचा. “कोन नाय आला?” सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा बाबा उठले आणि म्हणाले, “माजं घर नाय आलं.” आई बायकांत बसली होती. मी तिच्या मांडीवर होते.

घरी येऊन मी दिवा न लावता बसले. पहिला इशारा रविवारचा होता. मी घरात होते. पापलेट तळत होते, भोंगा ऐकला, फोनवर आनंदाने पाठवलेला बाबांच्या घराचा नंबर बघितला, आणि म्हटलं, आनंदा जाईल. दुसऱ्या वेळी शाळेत होते, पण माझा तास मोकळा होता आणि स्कूटर खाली उभी होती. आज मी वेळ नीट लिही म्हणाले. जानेवारीत ज्याला ओल्या फरशीवरून उचललं त्या माणसाचा भोंगा तीनदा वाजला आणि मी तीनदा मनात म्हटलं होतं की रोजचंच आहे. आईच्याच शब्दांत, फक्त शुद्ध केलेल्या. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेबरोबर, माझ्या स्वभावाप्रमाणे, हट्ट आला. माझा नियम चूक होता. त्याने दाबणाऱ्याला पकडलं होतं आणि न येणाऱ्याला मोकळं सोडलं होतं. चूक सापडली की ती लाल करून दुरुस्त करायची, हे मी तीस वर्षं करत आले आहे.

रविवारी अकराला क्लब हाउसमध्ये सर्वसाधारण सभा होती. अध्यक्ष कृष्णकांत, बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि सरळ. मी उठले आणि पहिलं काम म्हणून ए विंग, सहाशे चारचे तीन इशारे वाचून दाखवले, वडिलांचं नाव घेऊन. मग म्हटलं, मला नियमात दुरुस्ती सुचवायची आहे. कुणाचंही बटण काढू नये. त्याऐवजी नोंदवहीत एक रकाना वाढवावा, ‘कोण नाही आलं’. शेजारच्या चार घरांपैकी आणि घरच्या माणसांपैकी जे हजर असून गेले नाहीत त्यांची नावं त्यात यावीत. मागून कोणीतरी हसलं. कृष्णकांत म्हणाले, “रंजिताताई, असा रकाना केला तर उद्या इथे भांडणं होतील. तुम्ही कुणाकुणाची नावं लिहिणार?” “पहिलं माझं,” मी म्हटलं. “तिन्ही ओळींत माझं.” आणि उधाणासकट, पापलेटासकट सगळं सांगितलं. सभेत असं काही बोलायची पद्धत नाही. माणसं खुर्चीत सरकली, फोन बघायला लागली. मग प्राची उठली. ती बाबांच्याच मजल्यावर, सहाशे दोनमध्ये राहते, आठ महिन्यांची मुलगी आहे तिला. “काकू, मला बाबांबद्दल काही नाही,” ती म्हणाली, “पण तो सायरन वाजला की रिया दचकून उठते आणि तासभर रडते. मला त्या वेळात एक मीटिंग असते. मी काय करायचं?” तिचा चेहरा जागरणाने सुजलेला होता आणि ती खोटं बोलत नव्हती. दुरुस्तीच्या विरोधात हात वर झाले. माझ्या बाजूने आनंदाचा झाला असता, पण तो सभासद नाही.

हरले तरी सेक्रेटरी मीच होते. सोमवारी तंत्रज्ञ आला तेव्हा बटण खंडित करण्याच्या कागदावर सही मी केली. खंडित. हा शब्द मी लिहिला तेव्हा त्यातली खांड मला दिसली नव्हती. बाबा बघत होते. भिंतीवर चार भोकं राहिली, तर म्हणाले, “सिमिट लावून घे, खेकडे येतील,” आणि हसले. अविनाश म्हणाले, झालं, आता सोडून दे. मी सोडलं नाही. पुढचे नऊ दिवस मी मधल्या सुट्टीत स्कूटरवरून येऊन गेले, दोनदा तास बुडाला आणि मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. रोज रात्री नियमांचा कागद घेऊन बसायचे. माझाच मजकूर, कुठे तरी फट असणारच. ती पहिल्याच ओळीत होती. ‘इशारा म्हणजे विद्युत भोंगा.’ माणसाच्या घशाबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

पौर्णिमेचा दुसरा दिवस गुरुवारी आला. मी अर्धी रजा टाकली. साडेबाराला बाबा हात चाळवायला लागले. दोरी नाही हे विसरून त्यांची बोटं खुर्चीच्या हाताखाली काहीतरी शोधत होती, आणि ते बघवेना. ए विंगची गॅलरी आतल्या चौकावर उघडते, तिन्ही विंगच्या खिडक्या समोरासमोर. मी गॅलरीत गेले आणि म्हटलं, “अहो, कोणी आहे का?” ते इतकं मिळमिळीत होतं की समोरच्या कबुतरानेही मान वळवली नाही. आतून बाबा म्हणाले, “वर्गात हायस काय गो?” मला हसू आलं. बारा चाळीस झाले. मी कठडा धरला, पोट आत घेतलं, आणि जी हाक मी जन्मात कधी घातली नव्हती, नुसती ऐकली होती, ती घातली. “खांऽऽड! खांड गेली रेऽऽ! धावा, खांड गेली!” तो आवाज माझा नव्हता. जाडा, उघडा, बांधावरचा होता. तो चौकात आपटून वर आला आणि मी पुन्हा घातली, आणि पुन्हा. लाज वाटायची थांबली. खिडक्या उघडल्या. कोणी ओरडलं, “क्या हुआ?” खाली आनंदा केबिनमधून बाहेर आला, वर बघितलं, आणि डोक्यावरची टोपी तिथेच टाकून पळत सुटला, त्याला त्या शब्दाचा अर्थ सांगायची गरज नव्हती.

सगळ्यात आधी प्राची आली, कानाला मीटिंगचा फोन लटकलेला, कडेवर रिया. रिया टक्क जागी होती आणि रडत नव्हती. मग आनंदा, मग पाचव्या मजल्यावरचे दोघे, सातव्यावरच्या एक बाई जिना उतरून. “काय झालं काकू?” प्राचीने विचारलं. “काही नाही झालं,” मी म्हटलं, कारण खरंच काही झालेलं नव्हतं. “या, आत या.” कुणाला काय करावं ते कळेना. बाबा खुर्चीतून एकेकाचा चेहरा निरखून बघत होते आणि त्यांचे हात मांडीवर स्थिर होते. सातव्यावरच्या बाई पंख्याखाली बसल्या. मी पाणी आणलं. प्राचीने रियाला बाबांसमोर फरशीवर सोडलं आणि ती त्यांच्या काठीशी रांगत गेली. बऱ्याच वेळाने, आठव्या मजल्यावरून जिन्याने, कृष्णकांत आले. धापा टाकत होते आणि उजव्या हाताला आमटीभात तसाच होता. त्यांनी खोलीभर बसलेली माणसं बघितली, पाण्याचे पेले बघितले, आणि काय प्रकार आहे ते त्यांच्या ध्यानात आलं. “रंजिताताई,” ते दम खात म्हणाले, “तुम्ही दर उधाणाला हे करणार आहात का?” “हो,” मी म्हटलं. “त्यापेक्षा तो भोंगा बरा होता.” “मग सभा बोलवावी लागेल,” मी म्हटलं. “नियम आहे.”

“बोलवतो,” ते म्हणाले, आणि हात धुवायला आत आले.